पुढं या, खुर्च्या मोकळ्या आहेत

कोल्हापुरात कुणाला मत विचारावं लागत नाही. रिक्षात बसलात की बिंदू चौक यायच्या आत रिक्षावाले मामा हद्दवाढ, खड्डे, थेट पाइपलाइन आणि गोकुळचा दूधदर या चारही विषयांवर निकाल देऊन मोकळे झालेले असतात. मिरजकर तिकटीच्या पानटपरीवर महापालिकेचं अंदाजपत्रक रोज मांडलं जातं आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर ते रोज फेटाळलं जातं. याच शहरात अधूनमधून बातमी छापून येते की अमुक आराखड्यावर नागरिकांची बैठक झाली, पण तिला अल्प प्रतिसाद लाभला. बातमीच्या शेवटच्या ओळीत कुणीतरी मान्यवर खेद व्यक्त करतात. लोक उदासीन झालेत, म्हणतात.

हे काही मला पटत नाही. रंकाळ्यावर तासभर भांडणारा माणूस सभागृहाच्या पायऱ्या चढताना एकदम उदासीन कसा होतो? पायऱ्यांत तर काही नसणार. मग मी अशा बैठकांना जाऊन भाषणांऐवजी खुर्च्यांकडं बघायला लागलो. भाषणांचं फारसं नुकसान झालं नाही.

सुरुवात आमंत्रणापासून करू. आमंत्रण म्हणजे जाहीर सूचना. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या दाखल्यांच्या मधोमध, बारीक अक्षरात असते आणि ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ असं म्हणून संपते. वेळ सकाळी अकरा, वार कामाचा. आता अकराला मोकळं कोण असतं? शिरोलीच्या फौंड्रीत पहिली पाळी ऐन भरात असते, उद्यमनगरात लेथ फिरत असतात, गुजरीत शटर नुकतंच वर गेलेलं असतं आणि घरोघरी भाकरी तव्यावर असते. मोकळे असतात ते पेन्शनर. त्यामुळं शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यावर सूचना करायला सत्तरीच्या पुढची मंडळी जमतात. मीही त्यांतलाच, म्हणून एवढं बोलायची मुभा घेतो.

आत गेलं की समोर उंच व्यासपीठ. त्यावर पांढरं कापड घातलेलं लांबलचक टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि पाठीवर टॉवेल टाकलेल्या खुर्च्या. ज्याच्या खुर्चीवर टॉवेल तो साहेब, हे कुणी शिकवावं लागत नाही. खाली पहिल्या दोन रांगांवर ‘राखीव’ असे कागद. ज्यांच्यासाठी राखीव ते येत नाहीत, आणि जे येतात ते दाराजवळच्या शेवटच्या रांगांत बसतात. मध्ये सहा-सात रांगांचं माळरान. निवेदक त्या माळरानाकडं हात करून विनवतात, “पुढं या, खुर्च्या मोकळ्या आहेत.” कुणी हलत नाही. पुढं बसणं म्हणजे अडकणं, हे कोल्हापूरकराला लग्नाच्या हॉलपासून ठाऊक असतं.

मग दीपप्रज्वलन. ज्योत टिकावी म्हणून पंखे बंद होतात, आणि पाचव्या वातीला मान्यवर घामाघूम झाल्यावर पुन्हा चालू होतात. प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक. शाल-श्रीफळाच्या जागी आता रोप देतात, ते बरं झालं. त्यानंतर पडद्यावर सादरीकरण. नकाशात शहर पिवळं, जांभळं, हिरवं दिसत असतं आणि प्रत्येक जण त्यात आपलं घर शोधत असतो. मान्यवरांची मनोगतं संपली की घड्याळ बघून कुणीतरी सांगतं, “वेळेअभावी प्रश्न थोडक्यात विचारा. भाषण करू नका.” हे सांगणाऱ्यानं स्वतः नुकतंच पाऊण तास भाषण केलेलं असतं.

उरलेल्या दहा मिनिटांत माईक फिरतो. तो नेहमी प्लॅस्टिकची पिशवी घेतलेल्या एका काकांच्या हाती पडतो. पिशवीत जुन्या अर्जाची पोच, त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स असते. काकांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं, पण ते 1998 पासून सुरू होतं. ज्यांना फक्त गल्लीतल्या दिव्याबद्दल विचारायचं होतं ते तोवर चपला शोधत असतात. बायकांच्या रांगेपर्यंत माईक पोचलेला मी पाहिलेला नाही. वायर अपुरी पडते. आता बिनवायरचा माईक आलाय, पण सवय जुनीच आहे.

एक गंमत मात्र दरवेळी घडते. सभा संपते, बाहेर व्हरांड्यात चहा येतो आणि खरी सभा तिथं सुरू होते. मघाशी व्यासपीठावर ‘तपासून कार्यवाही करू’ म्हणणारे अधिकारी हातात कप आल्यावर सांगून टाकतात की त्या रस्त्याची मोजणीच झालेली नाही. काका हसतात, पिशवी बंद करतात. माईक नसलेली बाई पुढं होऊन म्हणते, “साहेब, आमच्यात पाणी रात्री दोनला येतंय, ते जरा बघा की ओ.” साहेब खिशातून पेन काढतात. इतिवृत्तात यातला एक शब्दही येत नाही. इतिवृत्त चहाच्या आधी संपलेलं असतं.

खोलीचा असा परिणाम फक्त आपल्याकडंच होतो असं नाही. 1941 साली जर्मन बॉम्बनं ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचा चुराडा केला. ते परत बांधायचा विषय 1943 साली निघाला, तेव्हा चर्चिलनी हट्ट धरला की दालन मुद्दाम लहानच ठेवा, इतकं की सगळ्या सदस्यांना एकदम बसायला जागा पुरू नये. मोठ्या अर्ध्या रिकाम्या दालनात चर्चा मरते, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस भारतापुरता आपल्याला कधीच आवडला नाही, पण खुर्च्यांचं त्याला कळत होतं. आपण तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात चाळीस माणसं बसवतो आणि शहर उदासीन ठरवतो. तीच चाळीस माणसं तालमीच्या खोलीत बसली असती तर दारात चपलांचा ढीग झाला असता आणि बातमी ‘उदंड प्रतिसाद’ अशी आली असती.

कोल्हापूरला तर हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरजच नाही. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभं केलं, तेव्हा मातीचा हौदा मधोमध आणि बघणारे चहूबाजूंनी, चढत्या बैठकीवर, अशी रचना केली. कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसते. मल्ल खाली, लोक वर. डाव बसला नाही तर तो सगळ्यांना दिसतो, आणि मल्लाला तसं सांगायलाही कुणी लाजत नाही. आपल्या बैठकांनी ही मांडणी नेमकी उलटी केली. कारभार करणारे वर, ज्यांच्यासाठी कारभार ते खाली, आणि डाव कुठं चाललाय ते कुणालाच दिसत नाही.

बिंदू चौकातली सभाही खासबागेसारखीच. तिथं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 पासून उभे आहेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवलेले. त्या पुतळ्यांसमोर या गावानं किती भाषणं ऐकली असतील त्याला गणती नाही. श्रोता दुचाकीवरच बसलेला असतो, एक पाय जमिनीवर, इंजिन बंद. भाषण रंगलं तर किल्ली खिशात जाते. नाही रंगलं तर गाडी चालू होते, आणि तो आवाज वक्त्याला ऐकू जातो. इथं वक्त्याला श्रोता सांभाळावा लागतो. सभागृहात उलटं असतं, श्रोत्याला वक्ता सोसावा लागतो. उठून जायची मोकळीक असली की लोक थांबतात, हे सभा भरवणाऱ्यांना उमगत नाही. म्हणून ते दारं लावून घेतात.

टोलचं उदाहरण तर ताजंच म्हणायला हवं. शहरातले रस्ते सुमारे 220 कोटींचा खर्च करून खासगी कंपनीनं बांधायचे आणि 30 वर्षं टोल घ्यायचा, असा करार झाला. महापालिकेच्या सभागृहात नागरिकाला गॅलरीत बसून कामकाज ऐकता येतं, बोलता येत नाही. बोलायची जागा नसल्यानं लोक तिथं बोलले नाहीत, ते नाके उभे राहिल्यावर रस्त्यावर बोलले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे, दोघेही ऐंशीच्या घरातले, मोर्चाच्या पुढं चालत होते. मागं तालमी, रिक्षा संघटना, व्यापारी, वकील, आणि ज्यांच्याकडं सायकलसुद्धा नाही अशी माणसं. आंदोलनाच्या बैठकांना राखीव रांगा नव्हत्या आणि विषयपत्रिकेत एकच विषय असायचा. जानेवारी 2014 मध्ये संतापाच्या भरात नाके पेटवले गेले, ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये पानसरेंचा खून झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोल रद्द झाला, तो बघायला ते नव्हते. ज्या शहरानं वर्षानुवर्षं हे आंदोलन चालवलं त्याला उदासीन म्हणणं धाडसाचंच आहे. करार होण्याआधी याच माणसांना संध्याकाळी आठला बोलावून गोल बसवलं असतं आणि विचारलं असतं, तर काय झालं असतं? भांडण झालं असतंच, पण ते पहिल्या दिवशी झालं असतं.

सरकारलाही ही अडचण कळत नाही असं नाही, म्हणूनच लोकशाही दिन निघाला. महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी स्वतः समोर, सगळ्या खात्यांचे अधिकारी एका छताखाली. कल्पना खरोखर चांगली आहे आणि अनेकांची कामंही तिथं झाली आहेत. पण लोकशाही तिथं येते ती विहित नमुन्यात. अर्ज 15 दिवस आधी, दोन प्रतींत. न्यायप्रविष्ट विषय चालत नाही, नोकरीविषयक चालत नाही. आणि माझी आवडती अट म्हणजे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी. आता गल्लीला पाणी येत नाही ही तक्रार वैयक्तिक की सार्वजनिक? पाणी तर सगळ्यांनाच येत नाही. लोकशाहीच्या दिवशी ‘आम्ही’ असं म्हणून चालत नाही, ‘मी’ म्हणावं लागतं. म्हणून गल्ली एकेकटी होऊन रांगेत उभी राहते, दोन-दोन प्रती घेऊन.

हद्दवाढीच्या भांडणाकडंही मी याच नजरेनं बघतो. डिसेंबर 1972 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी हद्द तेवढीच राहिली, 66.82 चौरस किलोमीटर. शहराला भोवतालची गावं हवीत, गावांना शहर नको. कारणं घरफाळ्याची आहेत, जमिनीच्या आरक्षणाची आहेत, राजकारणाची तर आहेतच. पण आणखी एक कारण मला कुठल्या अहवालात दिसलं नाही. पाचगावच्या माणसाला ग्रामसभा आहे. तो उठून सरपंचाला विचारू शकतो, “गटारीचे पैसे आले त्याचं काय झालं?” तोच माणूस रस्त्याच्या अलीकडं शहरात राहायला आला की त्याच्याकडं उरते ती गॅलरी. विरोधाचे ठराव गावांनी ग्रामसभांतूनच केले, यावरून काय ते समजावं.

तिकडं स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस नावाचा छोटा प्रांत आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथले मतदार उघड्या चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. कुणीही उठून दुरुस्ती सुचवू शकतो. 2006 साली तिथं हद्दीचाच विषय होता. सरकार म्हणत होतं, 25 स्थानिक पालिकांच्या 10 करू. गर्दीतला एक साधा नागरिक उठून म्हणाला, दहा कशाला, तीनच करा. हात वर झाले, आणि 2011 पासून तिथं तीनच आहेत. सरकारनं मागितलं त्यापेक्षा लोकांनी जास्त दिलं. आपली हद्दवाढ मागतानाही कुणी असं चौकात येऊन विचारलं असतं तर... जाऊ दे.

म्हणून ग्रामसभा म्हणजे सगळं आलबेल, असंही मानायचं कारण नाही. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. गावातली हुशार मंडळी त्यामुळं मूळ सभेची वाट बघतच नाहीत, थेट तहकूब सभेला येतात. वेळ ठरवणाऱ्याच्या घरी म्हैस नसेल तर सभा नेमकी धार काढायच्या वेळेला येते. मग डेअरीत दूध घालून येईपर्यंत अर्धी विषयपत्रिका ‘मंजूर, मंजूर’ झालेली असते. हा ‘मंजूर’चा आवाज आपल्या जिल्ह्यात कारखान्याच्या आणि दूध संघाच्या वार्षिक सभांतून असा घुमतो, की नामंजूर म्हणणाऱ्याला आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो. आणि खरा विषय असतो तो शेवटच्या क्रमांकाला, ‘ऐनवेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.’ गावाला वादळात घालणारं जे काही असतं ते नेहमी ऐनवेळीच येतं.

तरीही शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं काय केलं ते आठवा. 4 मे 2022 रोजी या गावाच्या ग्रामसभेनं ठराव केला की पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघीही बायका. दोन आठवड्यांच्या आत, 17 मे रोजी, राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मुंबईचं सरकार गावाला आदेश देतं हे नेहमीचं, इथं गावानं मुंबईला वळण दिलं. हाच विषय सकाळी अकराला, सभागृहात, दीपप्रज्वलनानंतर, वेळेअभावी थोडक्यात निघाला असता तर विधवा बाई उठून बोलली असती का? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे आपल्या कायद्यात आहे. ज्यानं ते घातलं त्याला सासऱ्यासमोर बोलणं म्हणजे काय ते माहीत असणार.

दारूबंदीच्या मतदानाची रचना करणाऱ्यालाही ते माहीत होतं. गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिलांनी मागणी केली की मतदान होतं, गुप्त. पत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीकडं गेले तर दुकान बंद. भाषण नको, माईक नको, नवऱ्याच्या मित्रांसमोर हात वर करायला नको. ज्या बाईनं उभ्या जन्मात सभेत तोंड उघडलं नाही तिनं शिक्का मारून दुकानाला कुलूप लावलं, असं महाराष्ट्रात अनेक गावांत घडलं आहे. दोन बाटल्यांच्या चित्रांनी जे साधलं ते शंभर पानी अहवालांनी साधत नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण असं. 2020 च्या नोव्हेंबरात आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि 2026 च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. पाच वर्षांत गॅलरीत बसून ऐकण्यासारखंही काही उरलं नव्हतं. आता 20 प्रभागांत 81 नगरसेवक आले आहेत. पूर्वी एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, गल्लीतच राहायचा, दूध आणायला निघाला की सापडायचा. आता एका प्रभागाला चार, एका प्रभागाला तर पाच, म्हणजे एकाकडं गेलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवणार. अशा वेळी सगळ्यांना एका ठिकाणी गाठायची सोय हवी, आणि ती कायद्यात आहे. 2009 साली महापालिका कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांसाठीही क्षेत्रसभा आली, गावातल्या ग्रामसभेसारखी, त्या भागातल्या मतदारांची. कागदावर ती आहे, गल्लीत ती कुणी पाहिलेली नाही.

तेव्हा नव्या नगरसेवकांना एक विनंती. क्षेत्रसभा घ्या, पण सभागृहात घेऊ नका. तालमीत घ्या, शाळेच्या वर्गात घ्या, रात्री साडेआठला, जेवणं आणि मालिका यांच्या मधल्या फटीत. व्यासपीठ नको, खुर्च्या गोल मांडा, टॉवेल घरी ठेवा. सत्कार, रोपं, समई काही नको. चहा आधी द्या. पहिला माईक बायकांच्या हातात जाऊ दे, पिशवीवाल्या काकांना आम्ही सांभाळून घेऊ. एका सभेत दोनच विषय ठेवा, आणि मागच्या सभेत कोणी काय विचारलं होतं आणि त्याचं काय झालं हे आधी वाचून दाखवा, झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं वाचा. कोल्हापूरकर ‘झालं नाही’ ऐकून घेतो, ‘कार्यवाही सुरू आहे’ ऐकून त्याचं डोकं फिरतं.

आणि वाचकहो, तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांपैकी जो आधी भेटेल त्याला विचारा, क्षेत्रसभा कधी घेताय? त्यासाठी 15 दिवस आधी कळवावं लागत नाही, दोन प्रतीही लागत नाहीत. मिसळीच्या रांगेत गाठलं तरी चालेल.